पुरून उरणारा कोबी

यॉर्कटनहून ट्रक येतो गुरुवारी,
रस्ता उघडा असेल तर.
नसेल तर शुक्रवारी, नाहीतर मग
गार्नेट दारावर पुठ्ठा लटकवतो :
दूध नाही. ब्रेड नाही. विचारू नका.

धान्याचं उंच कोठार पाडलं, रूळ उखडून नेले,
उरलो एकशे बारा माणसं आणि हे एक दुकान.
त्यात काय मिळतं ते मी झोपेतही सांगेन :
बटाटे, कांदे, पिशवीतली गाजरं,
मेण फासलेली सफरचंदं, सलगम,
आणि कोबी.
शेपू एकदाच आला होता, चुकून.
मी तिथेच जुडीत नाक खुपसून उभी राहिले,
गार्नेट म्हणाला, ल्यूबा, आधी पैसे दे.

नर्सने टिनातलं सूप बंद केलंय.
फार मीठ असतं म्हणे त्यात.
म्हणून ताजं. रोज ताजं, एकटीसाठी,
ऐकायला सोपं वाटतं.

कोबी गार्नेटच्या डोक्याएवढा.
सोमवारी बारीक चिरून लोण्यावर परतला, शहाजिरं घालून.
मंगळवारी बिटाबरोबर उकळला.
बुधवारी पानांत भात गुंडाळला,
आई एका बैठकीत चाळीस गुंडाळायची,
मी तीन केले, तिसरा उगाच.
गुरुवारी फ्रिज उघडला, तर हा तिथेच,
गोल, गार, जवळजवळ सबंध.
तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
मागच्या बाकावरच्या टारगटांना पुरून उरले,
आणि मला पुरून उरला
एक कोबी.

पुस्तकात लिहिलेलं असतं : सहा जणांसाठी.
भागाकार येतो मला.
पण एका अंड्याला सहाने भागून दाखवा.

शेवटी म्हटलं, गार्नेट, काप हा मधोमध.
त्याने चीज कापायची सुरी आणली, थबकला.
दुसरा अर्धा कोण घेणार?
घेईल कोणीतरी.
तो पुटपुटला, पण कापला.

पुढच्या गुरुवारी तो अर्धा गेलेला होता.
त्याच्या पुढच्याही.
कोण नेतं, विचारलं, तर गार्नेट
नाण्यांच्या खणात डोकं घालून बसला.
रविवारी चर्चमध्ये मी एकेकाजवळून हळूच गेले,
कोटांना वास येतो का बघायला.
सगळ्यांच्याच कोटांना कोबीचा वास,
माझ्याही.

जानेवारीत वादळ आलं, नऊ दिवस ट्रक नाही.
दहाव्या दिवशी माझ्या नावाने काउंटरवर
अर्धं सलगम, जुन्या वर्तमानपत्रात.
काप तिरका होता,
वरून सुरू झालेला, मध्ये हात थरथरलेला,
मग नेटाने खालपर्यंत नेलेला.
गार्नेट म्हणाला, तिकडून आलंय.
तिकडून म्हणजे कुठून, ते नाही.
मी घरी जाऊन ते सोललं,
आणि त्या तिरक्या बाजूची चकती
उगाचच वेगळी ठेवली, थोडा वेळ.
मग तीही टाकली पातेल्यात.

आता खिडकीत कॉफीच्या डब्यात शेपू आहे,
चार काड्या, पैकी एक आजारी.
गॅस मंद.
पुस्तक म्हणतं : मीठ चवीपुरतं.
कोणाच्या, ते लिहीत नाहीत.
अडतीस वर्षं मी मीठ घातलं
मिरोनच्या जिभेने,
त्याला खारट लागायचं, आणि आंबट चालत नसे.
तो गेल्यावरही चार वर्षं
हात त्याच्याच मापाने उचलत राहिला.

परवा व्हिनेगर घातलं, एक चमचा,
मग थांबले,
मग आणखी एक.
दात आंबले. डोळ्यांत पाणी आलं.
उभ्या उभ्याच खाल्लं, पातेल्यातूनच,
आणि संपवलं.